स्पीड वाढवा म्हणणाऱ्यांना उत्तर

नांदेड-लातूरच्या कॉलेजांत, अभ्यासिकांत आणि कॉम्प्युटरच्या दुकानांत लॅनविषयी, म्हणजे संस्थेच्या आतल्या नेटवर्कविषयी, एक मत घट्ट रुजलं आहे. नेट अडखळलं की मोठा प्लॅन घ्या, स्विच बदला, केबल नवी टाका. कुणाचं पॅकेट आधी सोडायचं आणि कुणाचं थांबवायचं ही प्राधान्याची भानगड लहान संस्थांनी करायचीच नसते, ती बँकांची आणि टेलिफोन कंपन्यांची कामं. हे मी विद्यार्थ्यांकडून ऐकलं आहे, लॅब असिस्टंटकडून ऐकलं आहे आणि नेटवर्क हा विषय शिकवणाऱ्या सहकाऱ्यांकडूनही ऐकलं आहे. सहकाऱ्यांकडे तर इतिहासाचा दाखला तयार असतो. प्राधान्य देणारी टोकन रिंग गेली, टोकन बस गेली, १००व्हीजी-एनीलॅन गेली आणि कुणालाही प्राधान्य न देणारं इथरनेट जगभर पसरलं. काळानं निकाल दिला, आता वाद कशाला?

वाद घालायला हवा, कारण हे मत चूक आहे आणि त्याची झळ आमच्या भागातल्या मुलांना बसते. बाहेरगावची हजारो मुलं लातूरच्या हॉस्टेलांत आणि अभ्यासिकांत राहून प्रवेश परीक्षांची तयारी करतात. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी संगणकावर होतात, म्हणून सराव परीक्षाही संगणकावर घेतल्या जातात. लाइव्ह तास, शंकानिरसन, चाचण्या, सगळं एकाच वाय-फायवर आणि एकाच स्विचमधून चालतं. तिथे उत्तर सेव्ह व्हायला अर्धं मिनिट लागलं तर त्या मुलाच्या लेखी ती परीक्षा बिघडलेली असते.

इथरनेट कुणालाही प्राधान्य देत नाही, या दाव्यापासूनच सुरुवात करतो. रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात १९७३ पासून जे उभं केलं, त्याचा नियम सोपा होता. तार मोकळी आहे का ते ऐका, मोकळी असेल तर पाठवा, दोघांनी एकदम पाठवलं तर दोघांनीही थांबा आणि यादृच्छिक वेळ जाऊ देऊन पुन्हा प्रयत्न करा. प्रमाणित झालेल्या १० मेगाबिटच्या इथरनेटमध्ये हा वेळ ५१.२ मायक्रोसेकंदांच्या स्लॉटमध्ये मोजतात. पहिल्या टकरीनंतर ० किंवा १ स्लॉट, दुसरीनंतर ० ते ३, मग ० ते ७, असं वाढत ० ते १०२३. सोळा प्रयत्न फसले की फ्रेम, म्हणजे पाठवायचा डेटाचा तुकडा, टाकून द्यायची. कागदावर इथे कुणी मोठं नाही आणि कुणी लहान नाही.

आता दोन मशीन घ्या, अ आणि ब. दोघांकडेही पाठवायला भरपूर आहे. टक्कर झाली, अ ला ० मिळाला, ब ला १. अ ची फ्रेम गेली. अ कडे दुसरी फ्रेम तयारच आहे, ब ची पहिलीच अडकली आहे, त्यामुळे लगेच पुन्हा टक्कर. अ च्या या नव्या फ्रेमची ही पहिलीच टक्कर, म्हणून तो ० किंवा १ मधून आकडा काढणार. ब ची मात्र दुसरी, म्हणून तो ० ते ३ मधून काढणार. एकूण आठ शक्यता होतात. वहीत मांडून पाहा. पाच वेळा अ आधी जातो, दोन वेळा पुन्हा टक्कर होते आणि ब आधी जातो तो फक्त एकदा. अ पुन्हा जिंकला की ब ० ते ७ मध्ये ढकलला जातो आणि त्याची संधी आणखी घटते. याला कॅप्चर इफेक्ट म्हणतात. प्राधान्य इथेही होतंच. नुकत्याच जिंकलेल्याला होतं, ज्याच्याकडे पाठवायला जास्त आहे त्याला होतं. फक्त ते कुणी विचार करून ठरवलेलं नव्हतं.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. माध्यम एक आणि वापरणारे अनेक असले की कुणीतरी आधी जाणार आणि कुणीतरी मागे राहणार. संस्थेनं ते ठरवलं नाही तर सगळ्यात हावरं मशीन ठरवतं.

यावर उत्तर येतं की सगळ्यांना एकच तार वाटून देणारे हब आता राहिलेच नाहीत, स्विच आले आणि टकरी संपल्या. बरोबर आहे. १९९७ मध्ये फुल-डुप्लेक्स इथरनेट प्रमाणित झालं आणि स्विचच्या तारेवर टक्कर होण्याचं कारणच उरलं नाही. पण स्पर्धा गेली नाही, ती स्विचच्या मेमरीत रांग होऊन बसली. आमच्या भागातल्या एका संस्थेत मी ही रांग जवळून पाहिली आहे. लॅबमध्ये साठेक मशीन, तीन स्विच, आणि तिथून सर्व्हरकडे जाणारा एकच जुना १०० मेगाबिटचा दुवा. सराव परीक्षा चालू असताना त्याच दुव्यावरून ऑफिसमधल्या मशीनचा बॅकअप सर्व्हरवर चढत होता आणि वर्गांतल्या कॅमेऱ्यांचं चित्रणही तिथेच साठत होतं. मुलानं उत्तरावर क्लिक केलं की काहीशे बाइटचं एक पॅकेट निघतं. त्याच्यापुढे रांगेत बॅकअपचा मेगाबाइटभर डेटा असला तर १०० मेगाबिटच्या दुव्यावर ते ८० मिलिसेकंद थांबतं. हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. खरं नुकसान रांग भरून वाहू लागली की होतं. तेव्हा येणारं पॅकेट गळतं, आणि स्विच बॅकअपचं पॅकेट कोणतं आणि उत्तराचं कोणतं हे पाहत नाही.

गळतीचा मार दोघांना सारखा बसत नाही, आणि हे फारसं कुणी सांगत नाही म्हणून थोडं थांबून सांगतो. बॅकअपचं एक पॅकेट गळलं तर त्याच्या मागून लगेच आणखी दहा येतात, समोरचं मशीन मधला क्रमांक हरवल्याचं कळवतं आणि ते पॅकेट ताबडतोब पुन्हा पाठवलं जातं. उत्तराचं पॅकेट एकटं असतं. त्याच्या मागून काही येत नाही, म्हणून हरवल्याची खबर देणारंही कुणी नसतं. पॅकेट पोहोचतं का हे पाहणाऱ्या टीसीपीला टाइमआउट होईपर्यंत वाट पाहावी लागते, पुन्हा गळलं तर दुप्पट, त्यानंतर त्याच्याही दुप्पट. मुलाला पडद्यावर गोल फिरणारं चक्र दिसतं आणि पर्यवेक्षक म्हणतात, नेट स्लो आहे. त्या संस्थेनं इंटरनेटचा तिप्पट महाग प्लॅन घेतला. पुढच्या परीक्षेत चक्र तसंच फिरलं, कारण ते पॅकेट इंटरनेटवर जातच नव्हतं. ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात होतं.

मग केलं ते इतकंच. परीक्षेच्या सर्व्हरकडे जाणारी वाहतूक स्विचमध्ये वरच्या रांगेत टाकली, कॅमेरे मधल्या रांगेत, बॅकअप सगळ्यात खाली. नवं यंत्र घ्यावं लागलं नाही. फ्रेमच्या टॅगमध्ये प्राधान्यासाठी तीन बिट, म्हणजे आठ पातळ्या, १९९८ पासून प्रमाणात आहेत. त्या स्विचमध्ये ही सोय खरेदीच्या दिवसापासून होती, कुणी उघडून पाहिली नव्हती.

स्पीडवाल्यांचा आवडता दाखला रेल्वेचा आहे, आणि मराठवाड्यात तो लगेच पटतो. एकेरी मार्गावर क्रॉसिंगसाठी गाडी ताटकळत उभी राहण्याचा अनुभव नांदेड-मनमाड प्रवास केलेल्या प्रत्येकाला आहे. एक्स्प्रेस आधी का पॅसेंजर आधी यावर भांडत बसण्यापेक्षा मार्ग दुहेरी करा, असं ते म्हणतात. दाखला मला मान्य आहे, तो अर्धाच सांगितला जातो एवढी तक्रार आहे. परभणी-मुदखेड मार्ग दुहेरी झाला. म्हणून कोणती गाडी आधी घ्यायची हे ठरवणारा कंट्रोल बंद झाला का? रूळ दोन झाले तरी स्टेशनात फलाट मोजकेच असतात, आणि दोन गाड्या एकाच वेळी आल्या की कुणीतरी आउटरला थांबतं. कुणी थांबायचं हे लिहिलेल्या नियमानं ठरतं, ड्रायव्हरच्या घाईनं ठरत नाही.

नेटवर्कमध्ये तर दुव्याची रुंदी वाढवून रांग कायमची संपत नाहीच. बहुतेक टीसीपीची रचनाच अशी आहे की पॅकेट गळेपर्यंत वेग वाढवत न्यायचा. दुवा दहापट मोठा केला तर मोठी फाइल तो दुवाही भरते, फक्त कमी वेळासाठी. साठ मशीनना गिगाबिटची पोर्ट दिली आणि वर जाणारा दुवाही गिगाबिटचाच ठेवला, तर अडचण जिथे होती तिथेच राहते. रुंदी हवीच. जिथे जुने १०० मेगाबिटचे दुवे आहेत तिथे ते बदलायलाच हवेत, आणि ज्या नेटवर्कवर कधी गर्दीच होत नाही तिथे प्राधान्याला काही काम नाही, हेही खरं. पण परीक्षेच्या दिवशी सकाळी दहा वाजता गर्दी होते. नेटवर्क त्याच वेळेसाठी बांधायचं असतं.

वाय-फायमध्ये तर स्विचची पळवाटसुद्धा नाही. हवा सगळ्यांची एकच. एका अभ्यासिकेत पन्नास फोन आणि लॅपटॉप एका अ‍ॅक्सेस पॉइंटला जोडलेले असतात आणि एका चॅनलवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. इथे माध्यमावर चढण्याचा नियमच प्राधान्य देऊ शकतो, आणि ती सोय ८०२.११ई या प्रमाणानं २००५ मध्ये करून ठेवली आहे. तिचा मोठा भाग वाय-फाय अलायन्सनं डब्ल्यूएमएम या नावानं त्याच्या एक वर्ष आधीच प्रमाणपत्रासाठी घेतला होता, आणि ८०२.११एन पासूनच्या राउटरांत ती असतेच. वाहतुकीचे चार वर्ग आहेत: आवाज, व्हिडिओ, सर्वसाधारण आणि पार्श्वभूमीवरची. चॅनल मोकळा झाला की आवाजाची फ्रेम ३४ मायक्रोसेकंद थांबते आणि मग ० ते ३ मधला एक आकडा काढून तितके ९ मायक्रोसेकंदांचे स्लॉट मोजते. म्हणजे जास्तीत जास्त ६१ मायक्रोसेकंद. पार्श्वभूमीवर फोटो क्लाउडवर चढवणाऱ्या फोनला मोजणी सुरू करण्याआधीच ७९ मायक्रोसेकंद गप्प बसावं लागतं. पहिल्या प्रयत्नात शंका विचारणाऱ्या मुलीचा आवाज त्या फोटोंच्या आधी जाणारच. योगायोगावर काही सोडलेलं नाही, बेरीज करून ठेवली आहे.

आणि आमच्याकडे हे वापरतं कोण? बाहेरून येणाऱ्या पॅकेटवर बहुधा प्राधान्याची काही खूण नसते, आतून निघणाऱ्यावर कुणी घालत नाही, आणि खूण नसलेलं सगळं सर्वसाधारण वर्गात जातं. चार रांगांची सोय असलेल्या यंत्रात तीन रांगा रिकाम्या आणि चौथीत लाइव्ह तास, सिनेमा, अपडेट आणि फोटो एकमेकांवर रेटारेटी करत असतात. मग दुकानदार सांगतो, राउटर बदला. नव्या राउटरमध्येही त्याच चार रांगा आणि तशाच तीन रिकाम्या.

इथे विरोधकांचा एक मुद्दा खरा आहे. प्राधान्यानं वाय-फायचं सगळं दुखणं जात नाही. कोपऱ्यात, दोन भिंतींआड बसलेला फोन १ मेगाबिटच्या वेगानं बोलत असेल तर १५०० बाइटच्या फ्रेमला त्याला १२ मिलिसेकंद लागतात. जवळच्या लॅपटॉपला ५४ मेगाबिटनं तीच फ्रेम पाव मिलिसेकंदाच्या आत पाठवता येते. दोघांना फ्रेम समान दिल्या तरी हवेतला वेळ कोपऱ्यातला फोनच खातो. त्यासाठी एअरटाइमची वाटणी हवी, जागा पाहून अ‍ॅक्सेस पॉइंट लावायला हवेत. हे मान्य करूनही मूळ मुद्दा जागेवर आहे, कारण एअरटाइमची वाटणी हाही कुणाला किती हे ठरवणारा नियमच आहे. रामभरोसे सोडण्याच्या बाजूनं त्यातून काही सिद्ध होत नाही.

दुसरा आक्षेप असा की प्राधान्य ठेवलं की जो तो स्वतःला आवाजाच्या वर्गात घालील. आपल्या गेमच्या पॅकेटवर एखादा पोरगा सगळ्यात वरची खूण मारील आणि मग प्राधान्य कुणालाच उरणार नाही. भीती खोटी नाही. पण खुणेवर कुणाचा विश्वास ठेवायचा हे नेटवर्कनं ठरवायचं असतं, वापरणाऱ्यानं नव्हे. स्विचच्या पहिल्याच पोर्टवर बाहेरून आलेली खूण पुसून टाकता येते आणि कोणत्या सर्व्हरकडे, कोणत्या कामासाठी पॅकेट चाललं आहे ते पाहून आपली खूण घालता येते. वाय-फायमध्ये वरच्या वर्गात शिरण्याआधी अ‍ॅक्सेस पॉइंटची परवानगी मागायला लावता येते. लबाडी होऊ शकते म्हणून नियमच नको, हा युक्तिवाद लबाडांच्याच सोयीचा आहे.

सगळ्यात कळकळीनं मांडला जाणारा आक्षेप न्यायाचा आहे. प्राधान्य म्हणजे व्हीआयपी संस्कृती, प्राचार्यांच्या केबिनला पूर्ण वेग आणि पोरांना उरलंसुरलं. ज्यांनी आयुष्यभर रांगेत मागे उभं राहून काढलं आहे, त्यांना हा शब्द खुपतो, आणि तो राग मी हलका मानत नाही. केबिनला प्राधान्य देणारी व्यवस्था मीही मोडायला निघेन. पण प्राधान्य माणसाला द्यायचं नसतं, कामाला द्यायचं असतं. प्राचार्यांचा बॅकअप खालच्या रांगेत आणि पहिल्या वर्षाच्या मुलाचं उत्तर वरच्या रांगेत, असं त्या लॅबमध्ये झालं.

वरच्या वर्गाला लगाम कसा घालायचा याचा विचार ही प्रमाणं लिहिणाऱ्यांनी आमच्या आधी केला आहे. टोकन रिंगमध्ये ज्या स्टेशनकडे, म्हणजे मशीनकडे, तातडीचं काही असे, ते जवळून जाणाऱ्या फ्रेममधल्या तीन बिटांत आपली पातळी नोंदवून ठेवी. पाठवणाऱ्यानं टोकन, म्हणजे पाठवण्याची पाळी, सोडताना ते त्या पातळीवर चढवायचं. आणि ज्या स्टेशननं टोकनची पातळी वर नेली, त्याच्यावरच ती नंतर खाली आणण्याची जबाबदारी असे. आधीची पातळी त्याला लक्षात ठेवावी लागे. १००व्हीजी-एनीलॅनमध्ये हबकडे साधी विनंती आणि तातडीची विनंती अशा दोनच पायऱ्या होत्या, पण साधी विनंती २०० ते ३०० मिलिसेकंद ताटकळली की तिला आपोआप तातडीचा दर्जा मिळे. मागच्याला कायमचं मागे ठेवायचं नाही, हे नियमातच होतं. इथरनेटच्या कॅप्चर इफेक्टमध्ये ब साठी असं कलम होतं का?

ही तंत्रं बाजारात हरली हे खरं. पण ती महाग होती, कार्ड महाग, हब महाग, आणि समोर स्वस्त इथरनेट वर्षागणिक आणखी स्वस्त होत होतं. १९९५ मध्ये १०० मेगाबिटचं फास्ट इथरनेट प्रमाणित झाल्यावर १००व्हीजीला जागाच उरली नाही. किमतीनं लागलेला निकाल तत्त्वाचा निकाल म्हणून शिकवला जातो, आणि वर्गात हे असं शिकवलं जाणं मला सगळ्यात जास्त खटकतं. कारण जिंकलेल्या इथरनेटनं पुढच्या काळात काय केलं ते त्याच तासात सांगितलं जात नाही. टकरी सोडून दिल्या. १९९८ मध्ये आठ पातळ्या घेतल्या. २०१५ मध्ये ठरलेल्या वेळी ठरावीक रांगेचंच दार उघडायचं असं वेळापत्रक आलं, आणि २०१६ मध्ये चालू असलेली मोठी फ्रेम मध्येच थांबवून तातडीची फ्रेम पुढे काढण्याची सोयही आली. हरलेल्यांची कल्पना जिंकणाऱ्यानं हप्त्याहप्त्यानं उचलली.

आणि जिथे चुकीला माफी नाही तिथे प्राधान्य कधी गेलंच नव्हतं. बॉशनं १९८६ मध्ये मांडलेलं कॅन बस हे नेटवर्क आज गाड्यांमध्ये सर्रास असतं. त्यात टक्कर होते पण काही वाया जात नाही. प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला ११ बिटांचा क्रमांक असतो आणि तारेवर ० हा १ वर मात करतो. एक मशीन ००१००००००००, दुसरं ०११०००००००० एकाच क्षणी पाठवू लागलं असं धरा. पहिला बिट दोघांचा सारखा. दुसऱ्या बिटाला पहिलं ० लावतं, दुसरं १, तारेवर ० दिसतो. दुसरं ओळखतं की आपल्यापेक्षा महत्त्वाचा संदेश चालला आहे आणि तिथेच थांबतं. पहिल्याचा संदेश एका बिटानंही न बिघडता पूर्ण जातो. ट्रक-बसमध्ये वापरल्या जाणाऱ्या जे१९३९ मध्ये क्रमांक २९ बिटांचा असतो आणि त्याचे पहिले तीन बिट फक्त प्राधान्याचे. इंजिनाला दिलेल्या आज्ञेची पातळी ३, साध्या माहितीची ६, आणि लहान आकडा आधी जातो. नांदेड-लातूर रस्त्यावर धावणाऱ्या ट्रकच्या आत हा नियम पाळला जातो आणि त्याच रस्त्यावरच्या कॉलेजच्या लॅबला तो जास्तीचा वाटतो!

रेल्वेगाड्यांतही तेच. लातूरजवळ हरंगुळला मराठवाडा रेल्वे कोच कारखान्याचं भूमिपूजन ३१ मार्च २०१८ ला झालं. तिथे वंदे भारतच्या शयनयान गाड्या बांधायचा करार २०२३ मध्ये झाला. आधुनिक गाडीत डब्याडब्यांतून नेटवर्क फिरतं. रेल्वेगाड्यांसाठीच्या आयईसी ६१३७५ या प्रमाणातल्या बसवर एक मास्टर ठरलेल्या फेरीनं नियंत्रणाची माहिती मागत जातो आणि बाकीचे संदेश उरलेल्या वेळात सोडले जातात. आमच्या पोरांना अशा कारखान्यांत नोकऱ्या हव्यात, असं आपण सगळे म्हणतो. आधी कोण हे ठरवणं म्हणजे मागास विचार, असं शिकून गेलेला मुलगा तिथे पहिल्याच आठवड्यात अडेल.

माझी मागणी संस्थाचालकांकडे आणि विभागप्रमुखांकडे आहे. पुढच्या वेळी लॅबसाठी किंवा हॉस्टेलच्या वाय-फायसाठी टेंडर काढाल तेव्हा वेग किती या रकान्याशेजारी गर्दीत आधी कोण हा रकाना घाला. परीक्षेची उत्तरं, लाइव्ह तासाचा आवाज, कॅमेरे, अपडेट, बॅकअप यांचा क्रम लिहा, खालच्याला किमान किती मिळालंच पाहिजे तेही लिहा, आणि तो कागद विद्यार्थ्यांना दिसेल असा नोटीस बोर्डावर लावा. कुणाला तो क्रम अन्यायाचा वाटला तर त्यानं भांडावं, क्रम बदलायला लावावा. लिहिलेल्या नियमाशी भांडता येतं.